हरकाम्या क्रियापद

कसबा पेठ, पुणे
१० नोव्हेंबर १९८३

चि. नीरजास आईचे आशीर्वाद.

आप्पांना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धांगाचा झटका आला, हे माधवरावांना कार्डानं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं. 'काळजी घ्यावी, उभयतांचा नमस्कार.' उभयतांत तू खरोखर आहेस की नाही, हे त्यांनी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. दर दिवाळीला त्यांचंच कार्ड येतं. तुझं अक्षर या घरानं नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. तरी हे पत्र तुझ्या नावानं टाकते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

कार्डात मी लिहिलं होतं की उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उजव्या बाजूचं खरं आहे. वाचेचं तितकंसं नाही. एक शब्द शिल्लक राहिला आहे. कोणता, ते वाचून तुला हसू येईल. येऊ दे.

गेट.

होय, तोच. इंग्रजीतलं ते क्रियापद. सगळी नोकरीभर ज्याच्यावर त्यांनी लाल शाई ओतली तेच. वर्गात काय म्हणत, आठवतं ना? "हा हरकाम्या गडी आहे. पाणी भर म्हणा, भरतो. लाकडं फोड म्हणा, फोडतो. स्वतःचं असं काम त्याला एकही नाही. मिळालं तर मिळालं म्हणा, आणलं तर आणलं म्हणा, पोचलात तर पोचलो म्हणा. इंग्रजांनी बाकीची क्रियापदं काय पुरून ठेवायला केली?" एकेका गेटला अर्धा गुण कापत. तुझाही कापला होता आठवीत. तू रडत बसलीस आणि मी मध्ये पडले, तर मला म्हणाले, "तू मॅट्रिक झालीस, कारण माझ्या वर्गात नव्हतीस."

आता पाणी हवं तर गेट. कूस बदलायची तर गेट. पायावर माशी बसली तरी गेट. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सरूबाई भांडी घासत होती. तिनं ऐकलं आणि उठून खालचं फाटक लावून आली. "लावलं हो मास्तर." ते पुन्हा म्हणाले, गेट. "अहो लावलं म्हणते ना! कडीसकट लावलं!" एवढ्या दिवसांत मी हसले असेन तर तेवढंच.

त्यांना उचलून बसवायला हिंदुराव येतो. त्यांचा जुना विद्यार्थी, हडपसरचा, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत आहे. इंग्रजीत काही तो सुटला नाही, पण धंद्यात सुटला. पहिल्यांदा त्यानं हा शब्द ऐकला तेव्हा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काकू, याच शब्दापायी सरांनी मला नापास केलं. आन् आता बघा. काय सर, कापू का अर्धा मार्क?" मला वाटलं, आता चिडतात. त्यांनी डाव्या हातानं त्याचा सदरा धरला आणि लहान मुलासारखे रडले. मग तो पहिलवानगडीही रडला. "ऱ्हाऊ द्या सर. नाय कापत. तुमी पास हाय."

जागा संपली. उरलेलं कडेनं लिहिते आहे, पत्र फिरवून वाच. प्रकृतीला जप.

तुझी आई

२४ नोव्हेंबर १९८३

चि. नीरजा,

तुझ्या उत्तराची मी वाट पाहिली नाही, असं लिहिणार होते. पण नुकती पूजा करून उठले आहे, खोटं कशाला लिहू.

त्यांचा तो जाड शब्दकोश मी काल खाली काढला. लग्न झाल्यापासून दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसते, उघडला मात्र कधी नव्हता. हिशेब लिहिण्यापुरती मी मॅट्रिक. म्हटलं, हा शब्द तरी नीट पाहू, म्हणजे काय हवं ते कळेल. तर ते क्रियापद पान उलटलं तरी संपत नाही, आणखी एक उलटलं तरी संपत नाही. मिळणं त्यात. आणणं त्यात. पोचणं, कळणं, भिजणं, हरवणं, सुटणं, म्हातारं होणं, सगळं त्यात. लग्न होणंसुद्धा त्यातच आणि ताप येणंही. मला आपलं देवाचं नाव आठवलं. एकाच नावात सगळं मागायचं. पण तिथे नेमकं काय मागितलं, ते देवाला तरी कळतं. इथे मी बसले आहे, मला कळत नाही.

मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसावं तशी बसले. एकेक लावून बघायची.

"पाणी देऊ का?"

"गेट."

"उठून बसायचंय? ते अप लावतात ना, त्यातलं का?"

"गेट."

"मग मी जाऊ? आउट म्हणताय का मला?"

"गेट. गेट."

शेवटी म्हटलं, "अहो, एवढी चांगली चांगली क्रियापदं पाळलीत जन्मभर, एकही वेळेला धावून आलं नाही. आला तो गडीच." त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. बोलायला नको होतं, पण एवढे दिवस मी एकटीच बोलते आहे, तोल जातो.

एक मात्र माझ्या ध्यानात आलं आहे. सकाळी पोस्टमन खालून हाका मारत जातो, तेव्हा ते दाराकडे बघून म्हणतात. त्या वेळी आवाज वेगळा असतो. मला वाटतं, ते विचारतात, पत्र मिळालं का? तुझं पत्र. नीरजा, म्हणून हे दुसरं पत्र. दोन ओळी लिही. त्यांचे किती दिवस राहिले आहेत, मला माहीत नाही. जाण्याआधी त्यांच्या हातात तुझं एक पत्र पडावं, एवढंच माझं मागणं आहे. येणं तर मी मागतच नाही.

आता तुला माहीत नाही ते सांगते. तुझं ते पत्र आलं त्या दिवशी इथे काय झालं ते.

तू कॉलेजच्या वसतिगृहात गेलीस तेव्हापासूनचा या घरचा रिवाज. तू इंग्रजीत लिहायचं, त्यांनी लाल पेनानं तपासायचं, खाली गुण द्यायचे आणि तेच पत्र तुला परत पाठवायचं. लग्न होऊन भिलाईला गेलीस तरी तो मोडला नाही. तूही हौसेनं लिहायचीस. 'आप्पा, या खेपेला आठाच्या खाली उतरू नका.' मग बाळ झालं. आणि बारशाच्या आधीच गेलं. तेही तू इंग्रजीतच कळवलंस. मराठीत लिहवलं नसेल, हे मला आता समजतं.

त्यांनी ते सज्जात उभं राहून वाचलं. आत आले. "नीरजाचं बाळ गेलं," म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत. हे मी त्यांच्या कौतुकाचं म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून लाल पेन घेऊन बसले. मला वाटलं, हाताला लागेल ते पेन घेतलं असेल, तुला उत्तर लिहीत असतील. काय केलं, ते माधवरावांच्या कार्डानं कळलं. 'सासरेबुवांनी पत्र तपासून पाठवले. बाळाला ताप आला तिथले आणि गाडी मिळाली नाही तिथले क्रियापद बदलून दिले आहे. नीरजा यापुढे लिहिणार नाही.'

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "अहो, हे काय केलंत तुम्ही?"

त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "गुण दिले नाहीत मी."

नीरजा, त्यांना ती माया वाटली होती गं.

आई

१६ डिसेंबर १९८३

चि. नीरजा,

आज एकादशीचा उपास, म्हणून सवड. स्वयंपाक नाही. त्यांची पेज तेवढी.

मागच्या दोन पत्रांत काही लिहायचं टाळलं. पाठीला जखमा झाल्या आहेत. पावडर लावते, कूस बदलते, तरी वाढतात. पेज भरवताना डाव्या हातानं वाटी उडवतात. परवा मला लागलं, भुवईवर. हिंदुरावानं विचारलं तर कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं. आणि ते दिवसभर, दिवसभर तोच शब्द म्हणतात. मी जप करत असते आणि मण्यामण्याला मध्ये गेट येतो. एकदा माळ ओढून संपवली आणि लक्षात आलं, देवाचं नाव नव्हतंच माझ्या तोंडात.

दवाखान्यातून बोलायला शिकवणारी मुलगी येते, रझिया. आपल्या कसब्यातलीच. तिचे आजोबा करीमभाई पुस्तकं बांधून देत, हा शब्दकोशही त्यांनीच बांधलेला. मी तिला मोठ्या उमेदीनं माझे अर्थ सांगितले. ही वेळ असली की हा अर्थ, तो हात हलला की तो अर्थ. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, अर्थ लावत बसू नका."

"का गं?"

"तो शब्द ते निवडत नाहीत. घर जळतं आणि एखादी वाटी राहते. ती कुणी जपून ठेवलेली नसते. राहते, एवढंच."

"पण पोस्टमन आला की म्हणतात."

"पोस्टमन नसताना?"

"तेव्हाही म्हणतात."

"सज्जावर कावळा बसला तर?"

"त्यालाही."

मग म्हणाली, "रागावलात का?"

म्हटलं, "नाही गं बाई. चहा घे."

वाचता तरी येत असेल का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, बहुतेक नाही. अक्षरं दिसत असतील, पण ती आता त्यांच्याशी बोलत नसतील.

ती गेल्यावर शब्दकोश वर ठेवून दिला. इतके दिवस मी भिंतीशी संसार केला म्हणायचा. तेव्हा नीरजा, पोस्टमनचं मी लिहिलं होतं ते खोडून वाच. आप्पा तुझं पत्र मागत नाहीत. ते कुणाकडेच काही मागत नाहीत. मागते आहे ती मी.

आई

१५ जानेवारी १९८४

चि. नीरजा,

काल संक्रांत झाली. हलव्याचे चार दाणे तुला घालणार होते, पण आंतरदेशीय पत्रात काही घालायचं नाही असं वरच छापलं आहे. पाकीट घ्यायला गेले आणि परत आले. उत्तर न देणाऱ्या माणसाला पाकीट कशाला, असं मनात आलं. मग त्या मनाची लाज वाटली, पण पाकीट काही घेतलं नाही.

आज गोड बोलण्याचा दिवस शिळा झाला. या घरात कुणी कुणाशी काय बोलायचं?

डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ साठला आहे. जिन्यात थांबून म्हणाले, "मुलांना कळवून ठेवा." मी म्हटलं, "मुलं नाहीत. एक मुलगी आहे. कळवलंय."

"मग येतील," म्हणाले.

मी त्यांना सोडायला खालपर्यंत गेले आणि फाटकाशी उभी राहिले. वर यायला पाय निघेना. इतकी वर्षं गणपतीला जाते, कधी आपल्यासाठी काही मागितलं नाही. आता मागायला जावं, तर काय मागू तेच ठरत नाही. ते बरे व्हावेत म्हणू, तर कशासाठी? सुटावेत म्हणू, तर मी कोण? हात जोडून उभी राहते आणि रिकामी परत येते. पुजारी विचारतात, "काकू, बरं आहे ना?" मी हो म्हणते.

या पत्राला तुझ्याकडून उत्तर येईल असं मला वाटत नाही. पण लिहायचं थांबले तर या घरात तो एकच शब्द उरेल. म्हणून लिहिते.

आई

६ फेब्रुवारी १९८४

चि. नीरजा,

तुझं कार्ड आज मिळालं. पत्ता आप्पांच्या नावाचा, मजकूर इंग्रजीत, एकच ओळ. लवकर बरे व्हा, अशा अर्थाची. ती तू त्याच क्रियापदानं लिहिली आहेस. मुद्दाम लिहिलीस की सगळे लिहितात तशी लिहिलीस, हे मी विचारणार नाही. अक्षर तुझं होतं. टी ची आडवी रेघ अजून लांब ओढतेस.

कार्ड त्यांना दाखवलं. फार काही झालं नाही.

डोळ्यांना कमी दिसतं आहे, म्हणून आवरते.

आई

२ मार्च १९८४

चि. नीरजा,

तार पोचली होतीच. माधवराव आले, तेरावा होईपर्यंत राहिले, परक्याचं वाटू नये असं सगळं केलं. हिंदुराव गाळा बंद ठेवून खांद्याला आला. स्मशानात माधवरावांना म्हणाला, "काकूस्नी सांगा, सर जाताना लई हलकं लागलं."

तू स्टेशनपर्यंत आली होतीस, असं माधवरावांनी सांगितलं. गाडीत सामान ठेवलंस आणि उतरलीस. मी त्यांना म्हटलं, ती लहानपणी शाळेच्या पायरीवरूनही अशीच परत फिरायची. एवढंच बोलले. मला खूप बोलायचं होतं, पण जावयासमोर किती बोलणार.

फार काही झालं नाही, असं मी मागे लिहिलं होतं. ते खोटं. त्या दिवशी पूजा व्हायची होती.

तुझं कार्ड मी त्यांच्या डाव्या हातात दिलं. कुणाचं आहे ते सांगितलं. त्यांनी ते धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. रझिया म्हणते वाचता येत नव्हतं, तर येत नसेल. मग कार्ड छातीवर ठेवून त्यांचा हात सदऱ्याचा खिसा चाचपू लागला. खिशात काही नव्हतं. तरी पुन्हा पुन्हा तिथेच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल पेन मी आजारपणात टेबलाच्या खणात ठेवलं होतं. देऊ की नको? देवाशपथ सांगते, आयुष्यात एवढा वेळ मी कुठल्याच गोष्टीचा विचार केला नाही.

दिलं. पेन धरलं त्यांनी, मुठीत, पोरं खडू धरतात तसं. मी कार्डाखाली पंचांग धरलं. एक रेघ ओढली. तुझ्या ओळीवरूनच गेली आहे, खालून सुरू होऊन वर, पुढे कार्ड संपलं तरी पंचांगावर गेली. मग पेन सुटलं, आणि त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "गेट." मी घेईना. पुन्हा सरकवलं. "गेट."

या खेपेला मला अर्थ लावावा लागला नाही. परत पाठव, म्हणत होते. तपासलेलं पत्र परत जातं.

त्यानंतर जाईपर्यंत तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. कुठलाच नाही.

रझियाला ती रेघ दाखवली. म्हटलं, तू शिकलेली आहेस, सांग, ही बरोबरची खूण आहे की ओळ खोडली आहे? तिनं खिडकीशी नेऊन पाहिली. "काकू, मी काही सांगितलं तर ते माझं होईल, त्यांचं नाही." हिंदुराव मात्र बघताक्षणी म्हणाला, "बरोबर दिलंय. डोळं झाकून सांगतो, बरोबर हाय." पण त्याचं काय घेऊन बसायचं. त्याच्या पेपरावर बरोबरची खूण कधी पडलीच नव्हती, त्याला ती ओळखू कशी येणार? मी रोज बघते. सकाळी एक दिसतं, दिवेलागणीला दुसरं.

जाताना माधवराव म्हणाले, "आई, ते कार्ड मी घेऊन जाऊ का? तिला देतो." मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल. पण तुझ्या हातात आणखी एक लाल रेघ ओढलेलं पत्र पोस्टानं म्हणा, माणसाच्या हाती म्हणा, या घरातून येणार नाही. सगळा जन्म त्यांचं ऐकलं. हे ऐकलं नाही.

कार्ड देवघरात आहे, गणपतीच्या मागे. बघायचं असेल तर तुला इथे यावं लागेल. बघून तू खोडलं म्हणालीस तर खोडलं. मी हुज्जत घालणार नाही. पण ते तू बघून म्हणावंस. आणि यायचं नसेल, तर तसंही असू दे. ते गणपतीमागे राहील, मी पुढे बसेन. सकाळी पोस्टमन खालून ओरडत जातो, तेव्हा घरात आता काहीच ऐकू येत नाही, त्याची अजून सवय झालेली नाही.

पत्राच्या कडा या खेपेला कोऱ्या राहिल्या आहेत. राहू देत.

तुझी आई

ता. क. लिहिलंस तर कसंही लिही. तपासणारं आता घरात कोणी नाही.